जुन्या गिअरबॉक्सला नवं इंजिन: मामाचे कानमंत्र

बाळा, गाडीचं इंजिन गेलं म्हणून एवढं तोंड पाडू नकोस. बोअर-क्रँक सगळं नव्यानं करायला जेवढे पैसे जातील, त्यात थोडी भर घातली की चालू इंजिन मिळतं, हे तुला कुणीतरी सांगितलंय आणि ते खोटं नाही. पण ज्या गिअरबॉक्सपुढं ते बसणार तो जुनाच राहणार आहे, आणि त्याची बाजू मांडायला कुणी नाही. म्हणून हे सगळं त्याच्या वतीनं. सावकाश वाच. इंजिन विकणारा कुठं पळून जात नाही.

१. इंजिन बघायला जायच्या आधी गाडीखाली शिर, डिझेलच्या बोळ्यानं गिअरबॉक्सवरची पाटी पूस आणि तिचा फोटो काढ — कोणतं इंजिन चालेल ते त्या पाटीवर ठरतं, विकणाऱ्याच्या बोलण्यावर नाही.

२. पाटी गळून पडली असेल तर चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर जा, आणि तिथं जे कळेल ते डब्यावरच्या कास्टिंग नंबराशी ताडून बघ — वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत मूळचाच डबा असेल याची हमी तिचा पहिला मालकही देऊ शकत नाही.

३. पार्ट बुकात शोध, ह्याच गिअरबॉक्सपुढं कंपनीनं स्वतः कोणकोणती इंजिनं दिली, आणि त्यांतलंच एक निवड — क्लच, फ्लायव्हील, हाउसिंग सगळं तयार मिळतं, लेथवाल्याकडं खेपा पडत नाहीत. टाटाच्या १६१३ ला ६९७ ही आलं आणि कमिन्सही आलं. मधलं सामान कंपनीनंच करून ठेवलेलं असताना तू नव्यानं शोध कशाला लावतोस?

४. दोन्ही इंजिनं सहा सिलिंडरची, सीसीही जवळपास, म्हणून एकाच्या जागी दुसरं आपोआप बसेल असं मात्र धरू नकोस — घराणी वेगळी आहेत. टाटांच्या टेल्को कंपनीचा डेमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ चा, आणि ६९७ त्या वळणाचं: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, १२८ चा स्ट्रोक, ५,६७५ सीसी. टाटा कमिन्स ही कंपनी १९९३ ची. तिचं ६बीटी १०२ बाय १२०, म्हणजे ५,८८३ सीसी. कागदावर दोनशे सीसीचा फरक, पण मागचं तोंड, फ्लायव्हील, टॉर्क आणि आरपीएम सगळंच निराळं.

५. सौदा करायच्या आधी आरटीओत जा आणि लेखी परवानगी घे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचंही पत्र घे — मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं, आणि परवानगीविना इंजिन बदललं गेलंच तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. कंपनीनं त्या मॉडेलला मूळ जे दिलं त्याहून गाडी वेगळी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तिसरा कानमंत्र इथंही कामाला येतो.

६. इंजिनाचं पक्कं बिल घे आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बिलाशी जुळवून बघ — घासलेला नंबर दिसला तर चहा पिऊन परत ये, चहाचे पैसेही तूच दे.

आता टॉर्क. इथं जरा बैस, कारण गिअरबॉक्स मारतो तो टॉर्क, घोडे नव्हेत.

७. कुणी “एकशेवीस घोडे” म्हणालं की लगेच विचार, किती आरपीएमवर — घोड्यांना ७,०२४ नं गुणून आरपीएमनं भागलं की त्या वेगावरचा टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये येतो. तेच १२० घोडे २,८०० आरपीएमवर असतील तर साधारण ३०० न्यूटन-मीटर, आणि १,८०० वर असतील तर जवळजवळ ४७०. घोडे सारखे, पण गिअरबॉक्सवरचा भार दीडपट.

८. जुन्या पुस्तकात टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असतो, नव्यात न्यूटन-मीटरमध्ये, आधी ९.८१ नं गुणून दोन्ही एका मापात आण — ४० आणि ४०० शेजारी ठेवून घाबरणारे आणि फसणारे दोन्ही मी पाहिलेत, प्रत्यक्षात दोन्ही जवळजवळ एकच आहेत.

९. गिअरबॉक्सच्या पुस्तकात “कमाल इनपुट टॉर्क” असतो; इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क त्याच्या आतच राहिला पाहिजे, काठावर नको — ऊस भरून शेतातून गाडी काढताना कुणी पुस्तक उघडत नाही.

१०. हा हिशेब एकदा वहीत करून बघ: इंजिनाचा टॉर्क ४००, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ७, म्हणजे जॉइंटवर (प्रोपेलर शाफ्टवर) २,८०० न्यूटन-मीटर, क्राउन-पिनियन ६ चं, म्हणजे ॲक्सलवर १६,८००. आता ४०० च्या जागी ५०० लिही — पुढं शंभरानं वाढ, मागं ४,२०० नं. गिअरबॉक्सनं सोसलं तरी जॉइंटचे क्रॉस, हाफ शाफ्ट आणि पिनियन सोसतील का, हे त्यांनाही विचारायला हवं.

११. बसवलेल्या इंजिनाचा पंप “थोडा वाढवून” घेऊ नकोस, पंपवाला कितीही ओळखीचा असला तरी — वरचा सगळा हिशेब त्या एका स्क्रूनं पुसला जातो. आमच्याकडं म्हण आहे: इंजिन दुखलं तर धूर सांगतो, गिअरबॉक्स दुखला तर बिल सांगतं.

१२. चार सिलिंडरचं इंजिन सहाच्या जागी घालायचा मोह झाला तर क्लच प्लेट त्याच इंजिनाच्या हिशेबाची, योग्य स्प्रिंगांची घे — चारमध्ये एका फेरीत दोन ठोके, सहामध्ये तीन. ठोके दूरदूर पडले की कमी आरपीएमवर गिअरचे दात खडखडतात.

टॉर्क जमला की आरपीएम. हे लोक विसरतात, आणि मग “इंजिन चांगलं आहे पण गाडी पळत नाही” अशी तक्रार घेऊन येतात.

१३. टायरचा परीघ तक्त्यावरून घेऊ नकोस, खडूनं काढ: टायरवर आणि खाली जमिनीवर एकाच रेषेत खूण कर, गाडी ढकलून टायरवरची खूण पुन्हा खाली आण, जमिनीवर तिथं दुसरी खूण कर आणि दोहोंमध्ये टेप धर — घासलेला, भाराखाली दबलेला तुझा टायर तक्त्याला माहीत नाही. १०.००-२० चा टायर असेल तर आकडा ३.२ मीटरच्या आसपास येईल.

१४. क्राउन-पिनियनचं गुणोत्तर माहीत नसेल तर पुढच्या चाकांना ओट लाव, मागची बाजू घोडीवर घे, गिअर न्यूट्रलला ठेव, आणि चाकं फिरवत जॉइंटच्या फेऱ्या मोज — दोन्ही चाकांची एकदम एक-एक फेरी झाली आणि जॉइंट सहा वेळा फिरला, तर गुणोत्तर सहा. एकच चाक उचललं असेल तर त्याच्या दोन फेऱ्या धर, कारण डिफरन्शियलमुळं क्राउन निम्माच फिरतो.

१५. मग आरपीएम गुणिले परीघ गुणिले ०.०६, भागिले गुणोत्तर — टॉप गिअर सरळ असेल तर हाच ताशी वेग. ३.२ मीटर आणि ६ धरलंस तर २,८०० आरपीएमवर जवळपास ९०, आणि २,४०० वर ७७. जुनं इंजिन जास्त फिरणारं आणि नवं कमी फिरणारं असेल, तर हा तेरा किलोमीटरचा फरक इंजिनाचा दोष नाही, ठरलेलाच आहे.

१६. कमी फिरणाऱ्या इंजिनाला ओढून जास्त आरपीएमवर चालवू नकोस. वेग हवाच असेल तर क्राउन-पिनियनची जोडी बदलायचा विचार कर, तीही कंपनीच्या यादीतली — गव्हर्नरचं सील तोडून मिळवलेला वेग कनेक्टिंग रॉडला महाग पडतो. आणि जोडी बदलायच्या आधी तुझी गाडी कुठं चालते ते आठव: खंबाटकी आणि आंबा घाट चढायचा असेल तर मागचा जोर गमावून पुढचा वेग घेणं तोट्याचं आहे.

१७. जनरेटरचं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नकोस — ते पन्नास हर्ट्‌झसाठी १,५०० आरपीएमवर खिळवलेलं असतं, त्याचा गव्हर्नर पेडलसाठी केलेलाच नसतो, आणि फ्लायव्हीलला बहुतेक वेळा क्लच कव्हरची भोकंही नसतात. शिवाय त्याची प्रदूषणाची मान्यता गाडीची नसते, तेव्हा आरटीओत काय होईल ते तुला कळतंच.

१८. सेन्सरवालं, कॉमन रेलचं इंजिन घ्यायचं असेल तर त्याचा ईसीएम, पूर्ण वायरिंग आणि पेडल एकाच गाडीतून काढून आण — लूम कापून दिलेलं इंजिन म्हणजे अर्धंच इंजिन. जुन्या साध्या गाडीला साधं पंपाचं इंजिन बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता इंजिन आणि डबा जिथं एकमेकांना भेटतात ती जागा. पैसे वाचतात ते इथं, आणि बुडतात तेही इथंच. सुटं असतं तोवर मोजावं, जोडलं की भोगावं.

१९. फ्लायव्हील हाउसिंगचा एसएई नंबर विचार आणि तरीही टेप लाव: १ नंबरचा आतला व्यास सुमारे ५११ मिलिमीटर, २ चा ४४८, ३ चा ४१०, ४ चा ३६२ — नंबर जितका मोठा तितकं तोंड लहान, आणि चारही मापांत बोल्ट बाराच असल्यानं भोकं मोजून काही कळत नाही. जुन्या डेमलर वळणाच्या इंजिनाचं हाउसिंग ह्या मापांत बसेलच असं समजू नकोस.

२०. कमिन्सच्या बी मालिकेत मागचं हाउसिंग ब्लॉकला बोल्टनं जोडलेला वेगळा भाग असतो. ट्रकचंच हाउसिंग, ट्रकचंच फ्लायव्हील लागलेलं इंजिन बघ — नंतर ते वेगळं शोधायला गेलास की विकणारा तुझी गरज ओळखून भाव सांगतो.

२१. मध्ये अडॅप्टर प्लेट टाकायची वेळ आलीच तर तिची जाडी आधी हिशेबात धर — प्लेट जेवढी जाड, तेवढा इनपुट शाफ्ट पायलट बेअरिंगपासून मागं सरकतो, आणि आधार सुटलेला शाफ्ट क्लच दाबला की डगमगतो.

२२. शाफ्टचं नाक पायलट बेअरिंगमध्ये पूर्ण बसायला हवं, पण क्रँकच्या तळाला टेकता कामा नये. हाउसिंगच्या तोंडापासून बेअरिंगपर्यंतची खोली मोज, डब्याच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी मोज, आणि खात्रीसाठी टोकाला मळलेल्या कणकेची गोळी लावून डबा एकदा जोडून काढ — गोळी चपटून जेवढी जाड उरली तेवढी मोकळी जागा; ती कागदासारखी झाली असेल तर शाफ्ट क्रँकला पुढं ढकलतोय, आणि क्रँकचे थ्रस्ट वॉशर फार दिवस टिकणार नाहीत.

२३. क्लच प्लेट बाहेरून इंजिनाची, आतून गिअरबॉक्सची: व्यास फ्लायव्हीलला जुळला पाहिजे, स्प्लाइनचे दात आणि जाडी शाफ्टला — दुकानात जाताना जुनी प्लेट पिशवीत घाल, तोंडी वर्णन करू नकोस.

२४. नवी प्लेट शाफ्टवर हातानं सरकवून बघ. अडखळली तर शाफ्टचे दात पूस, कडा बघ, पण हातोडा घेऊ नकोस — अडखळणारी प्लेट क्लच दाबला तरी सुटत नाही, आणि ड्रायव्हर गिअर कराकरा करून घालतो.

२५. फ्लायव्हील सपाट आहे की खोलगट, प्रेशर प्लेटची बोटं किती उंच, रिलीज बेअरिंग कुठं येतं आणि फोर्क किती हलतो, हे चारही एकत्र बघ — एकाच गाडीचा पूर्ण संच घेतला की हे प्रश्न आपोआप मिटतात, वेगवेगळ्या गाड्यांचा जमवला की चारही एकदम उभे राहतात.

२६. रिंग गिअरचे दात आणि सेल्फच्या पिनियनचे दात जुळतात का, सेल्फ कोणत्या बाजूला येतो आणि तो १२ व्होल्टचा की २४ चा, ते बघ — चेसिसला किंवा स्टिअरिंग बॉक्सला अडणारा सेल्फ इंजिन बसल्यावरच दिसतो.

२७. सगळ्यात महत्त्वाचं: हाउसिंगला डायल लाव. चुंबकाचा स्टँड फ्लायव्हीलवर ठेव, सुई हाउसिंगच्या आतल्या कडेला टेकव, नोझल ढिले कर म्हणजे इंजिन हलकं फिरेल, आणि हातानं एक पूर्ण फेरी देऊन वर, खाली, उजवीकडं, डावीकडं चार आकडे खडूनं तिथंच लिही. मग तेच हाउसिंगच्या तोंडाला कर, क्रँक दर वेळी एकाच बाजूला दाबून धरून. मोठ्या गाड्यांच्या क्लचची पुस्तकं साधारण ०.२० मिलिमीटरपर्यंत चालेल म्हणतात, आणि पायलट बेअरिंगच्या भोकाला ०.१३ पर्यंत; तुझ्या गाडीचं पुस्तक याहून कडक असेल तर ते खरं — डोळ्याला सरळ दिसणारं हाउसिंग डायलवर वाकडं निघतं, आणि मग टॉप गिअर उडतो, इनपुट बेअरिंग ओरडतं, प्लेटचा मधला भाग तुटतो. लोक तीनदा क्लच बदलतात आणि डायल एकदाही लावत नाहीत.

२८. आकडा जास्त आला तर आधी तोंड साफ कर, जुन्या पॅकिंगचा आणि रंगाचा थर काढ, बोल्ट सारखे आवळ आणि पुन्हा वाच. मगच डॉवेल पिनांचा विचार कर — बऱ्याच वेळा वाकडेपणा म्हणजे कोपऱ्यात अडकलेला गंज असतो. डॉवेल पिना काढून टाकून नुसत्या बोल्टांवर डबा कधी लटकवू नकोस.

२९. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घे आणि टॉर्क रेंचनंच आवळ — एवढ्या कामात बोल्टचे पैसे वाचवणाऱ्याचं मला नवल वाटतं.

३०. डबा जोडताना दोन लांब स्टड गाइड म्हणून लाव आणि डब्याचा भार जॅकवर ठेव, क्षणभरही शाफ्टवर लोंबकळू देऊ नकोस — त्या एका क्षणात क्लच प्लेट वाकते, आणि कळतं गाडी रस्त्यावर गेल्यावर.

३१. शेवटची फट हातानं मिटली पाहिजे. मिटत नसेल तर बोल्टानं ओढू नकोस, डबा मागं घे आणि बघ काय अडलंय — हातानं जुळलं ते टिकतं, पान्यानं जुळवलं ते तुटतं.

बाकीचं आता भराभर सांगतो, पण शेवटून दुसऱ्याकडं लक्ष दे.

३२. गिअरबॉक्स शक्यतो जागचा हलवू नकोस, इंजिनाची लांबी पुढं रेडिएटरकडं जमव — डबा सरकला की जॉइंट कापावा लागतो, आणि कापलेला जॉइंट बॅलन्स केल्याशिवाय घालायचा नसतो.

३३. नवे फाउंडेशन रबर लाव आणि कोन मोज: डब्याचा मागचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर पाहिजेत — इंजिन नाक वर करून बसलं की क्रॉस बेअरिंग खात राहतं.

३४. ऑइल सम्प पुढच्या ॲक्सलला टेकतो का, ते पाटे पूर्ण दबल्यावर काय होईल असा विचार करून बघ — उभ्या गाडीत दिसणारी दोन बोटांची जागा खड्ड्यात नाहीशी होते.

३५. टर्बोवालं इंजिन असेल तर रेडिएटर, एअर फिल्टर आणि सायलेन्सरचा पाइप त्याच्या मापाचे घे — जुन्या लहान रेडिएटरवर ते थंडीत चालेल आणि एप्रिलच्या चढावर उकळेल.

३६. ब्रेकसाठी इंजिनावर काय आहे ते गाडीच्या ब्रेकशी जुळव: हवेच्या ब्रेकला कॉम्प्रेसर, ४०७ सारख्या गाडीला व्हॅक्यूम पंप, तोही त्याच ताकदीचा — इंजिन सुरू झालं, गिअर पडले, गाडी पळाली आणि थांबायला काहीच नाही, असं होता कामा नये. गेटच्या बाहेर काढण्याआधी टाकीत हवा भरते किती वेळात आणि इंजिन बंद केल्यावर उतरते किती, हे घड्याळ लावून बघ. ह्यात कुणाचं ऐकू नकोस, माझंही नाही, गेजचं ऐक.

३७. पॉवर स्टिअरिंगचा पंप, टिपर असेल तर पीटीओ, आणि स्पीडोमीटरची केबल जुळते का ते इंजिन आत सोडण्याआधी बघ — नंतर हात पोचत नाही.

इंजिन आत बसलं, तेल-पाणी झालं. आता घाई सुटेल, ओळखतो मी तुला.

३८. सेल्फ मारण्याआधी मागची चाकं घोडीवर घे, गिअर घाल, क्लच दाबून धरायला कुणाला तरी बसव आणि जॉइंट हातानं फिरव — सहज फिरला तर क्लच सुटतोय. नाही फिरला तर आत्ताच डबा उतरवायला सोपा आहे.

३९. पहिल्यांदा रिकामी गाडी सपाट रस्त्यावर काढ, सगळे गिअर वर-खाली घाल, आणि टॉपमध्ये पाय एकदम उचलून बघ — गिअर उडायचा असेल तर तेव्हा उडतो, आणि भरल्या गाडीनं घाट उतरताना उडण्यापेक्षा तिथंच उडालेला बरा.

४०. आरसी बुकात आणि विम्याच्या पॉलिसीत नवा इंजिन नंबर चढल्याशिवाय पहिला लोड उचलू नकोस — अपघात झाला तर विमा कंपनी जुन्या नंबराचीच गाडी शोधते.

४१. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर फाउंडेशनचे, हाउसिंगचे आणि जॉइंटचे बोल्ट पुन्हा तपास, आणि गिअर ऑइल गरम असतानाच काढून त्यात बोट फिरव. प्लगला मॅग्नेट असेल तर तोही बघ — करडी मऊ पेस्ट चालते. बोटाला टोचणारे कण लागले तर गाडी आहे तिथं उभी कर आणि मला फोन लाव, रात्र आहे की पहाट ते बघू नकोस.